पिवळी टाकी

दादा विहिरीतून वर आला. काठावर बसला. त्यानं पाणी मागितलं. वहिनी तांब्या घेऊन आल्या तेव्हा तो गेला होता. तो मंगळवार होता. मी दौंडला शाळेत सातवीच्या वर्गावर होतो.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दादाचा दोर धरणारे आमच्या शेजारचे आप्पा त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. काय करत होता असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, पाण्यात उतरला होता, रोजचंच काम आहे. टाकीबद्दल ते बोलले नाहीत, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. आप्पा खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोललो होतो, आणि तेही सात आठवडे आधी, पुण्यातल्या एका दुकानात, दोन टाक्यांच्या मधे उभं राहून.

आम्ही मेंढरांमागची माणसं. वडिलांनी न्हावऱ्याजवळ थोडी जमीन केली, घर बांधलं, फिरणं थांबवलं. पण मेंढरं दारात राहिली. लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीवर नेऊन धुवावी लागतात. घोडनदीच्या डोहात एक जण मेंढरू धरतो, दुसरा चोळतो. दादा अकरा वर्षांचा असताना असं धुताना एक कोकरू हातातून निसटलं आणि खाली गेलं. दादा त्याच्यामागं गेला. काठावरच्या बायांनी रडायला सुरुवात केली तेव्हा तो पलीकडच्या अंगाला वर आला, कोकरू काखेत. वडिलांनी त्याला आधी मारलं आणि मग घोंगडीत गुंडाळून घेतलं. ही गोष्ट मी पाहिलेली नाही, मी तेव्हा पाळण्यात होतो. पण ती इतक्या वेळा ऐकली आहे की ते ओलं कोकरू मला दिसतं.

पुढं तेच त्याचं काम झालं. कुणाची मोटार विहिरीत पडली, कुणाचा पाइप तळाला अडकला, कुणाची म्हैस डोहात गेली, की दादाला बोलावणं येई. आणि माणूस गेला तरी. त्याच्या कामाची एक रीत होती. दोन्ही हातांत एक धोंडा धरायचा आणि त्याच्या वजनानं सरळ तळाला जायचं. कमरेला दोर, दोराचं टोक आप्पांच्या हातात. काम झालं की धोंडा सोडायचा आणि दोराला तीन हिसके द्यायचे. तीन हिसके आले की वरच्यांनी मागंपुढं न बघता जीव खाऊन ओढायचं, कारण खालच्याचा दम संपत आलेला असतो. दम धरणं हीच त्याची सगळी विद्या. तो खाली किती वेळ राहतो ते लोक मनात आकडे म्हणत मोजायचे, आणि मोजणारेच आधी धापा टाकायला लागायचे.

मोटारीची मजुरी तो घ्यायचा. माणूस काढायला मात्र काही घेत नसे. फक्त एक नारळ मागायचा, तो त्याच पाण्यात सोडायचा, आणि अंगावर त्या कामासाठी वेगळी ठेवलेली काळी घोंगडी घेऊन घरी यायचा. अंगणाबाहेर वहिनी गरम पाणी ठेवायच्या. अंघोळ झाल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे.

मी शिकलो. मला शिकवलं त्यानंच. शिरूरला वसतिगृहात घातलं, दर पंधरवड्याला एसटीनं भाकरी-चटणी पोचवली. तिथं दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, ह्याचा भाऊ मढी काढतो. कुणी मारलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच झालं की जेवताना माझ्या ताटाशेजारची जागा रिकामी राहायला लागली. मी पुस्तक घेऊन जेवायला लागलो. लोक मला अभ्यासू म्हणू लागले. माझ्या वाचनाच्या वेडाचं मूळ ते आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरी लागली तेव्हा मी दौंड मागून घेतलं. रेल्वेचं गाव, माणसं येणारी-जाणारी, कोण कुणाचा हे विचारायला कुणाला वेळ नाही. भाऊ काय करतात असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, शेती. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

एकदा दौंडजवळ भीमेच्या डोहात एक माणूस बुडाला. दादाला तिथंही बोलावलं. तो दोन दिवस शोधत होता. तिसऱ्या दिवशी पुण्याहून एक पथक आलं. पाठीवर टाक्या लावलेली दोन माणसं उतरली आणि तासाभरात त्यांनी माणूस काढला. त्या दिवशी दुपारी शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, गुरुजी, फाटकाशी कुणीतरी आलंय, आत येत नाही. मी गेलो. दादा उभा होता, खांद्यावर ती काळी घोंगडी, डोळे लाल, एका कानात कापूस. कापसाला रक्त लागलेलं होतं. तो टाक्यांबद्दल बोलत होता. त्या माणसांनी त्याला टाकी हातात धरू दिली होती, नळीतून एक श्वास घेऊ दिला होता. जत्रेतून आलेलं पोर बोलतं तसा तो बोलत होता. मी त्याला शिक्षकांच्या खोलीत नेलं नाही. चहाही फाटकाबाहेरच्या टपरीवर पाजला. तो म्हणाला, आत न्हाई येत मी, अंघूळ व्हायचीय. त्यानं माझी सोय केली आणि मी ती करून घेतली.

कानाच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की एक कान गेलाच आहे, असंच उतरत राहिलास तर दुसराही जाईल. काम सोडणं त्याला जमणारं नव्हतं. बोलावणं आलं की तो उठणार, हे वहिनींनाही माहीत होतं. म्हणून त्यांनीच विषय काढला. टाकी घ्या, म्हणाल्या, कानात रगत घेऊन घरी येन्यापरीस बरं. टाकीनं कान वाचतात असं नाही, पण ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. काही मेंढरं विकली. आणि दादा मला म्हणाला, तू शिकलेला हायस, तू निवड.

मी आनंदलो. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. दौंडच्या वाचनालयात एक जुना इंग्रजी ज्ञानकोश होता. त्यातला पाणबुड्यांवरचा मजकूर मी तीनदा वाचला, टिपणं काढली. लोखंडी टाकी आतून गंजते, ॲल्युमिनियमची गंजत नाही, हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलं होतं. त्याच्या पुढंही काही वाक्यं होती.

पुण्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. आग विझवायची लाल नळकांडी, कारखान्यातली शिरस्त्राणं, रबरी बूट, असा माल. मालक साठीचे, गोरे, मोजून बोलणारे. आयुष्यभर गोदीत पाण्याखालचं काम केलेलं, निवृत्तीनंतर हे दुकान. टाक्या दोनच होत्या. एक राखाडी, पोलादी, वापरलेली पण नव्यानं तपासून आणलेली, मानेजवळ तपासणीचे आकडे ठोकलेले. दुसरी पिवळी, ॲल्युमिनियमची, कोरी.

मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतं. दादा धोतर, मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी. आम्ही आत गेलो. मालकांनी मला खुर्ची दिली आणि दादाकडं एकदा बघून म्हणाले, "गडी बरोबर आणलात हे बरं केलंत. वजन असतं याला."

मी काही बोललो नाही.

एवढंच लिहायला मला इतकी वर्षं लागली. दुकानात आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती, कुणी ताटावरून उठणार नव्हतं. फक्त 'हा माझा भाऊ' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मी ते म्हटले नाहीत, आणि तो क्षण निघून गेल्यावर ते म्हणणं दर मिनिटाला जास्त अवघड होत गेलं.

दादा दाराजवळ उभा राहिला. मग हळूच टाक्यांपाशी गेला. बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात तसं त्यानं बोटाच्या पेरानं आधी पिवळी वाजवली, मग राखाडी. राखाडी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली, गुडघ्यात जरा वाकून तिचं वजन बघितलं. धोंडा पारखताना तो असंच करायचा. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. ही.

मालक मला म्हणाले, तुमच्या माणसाला सांगा, तोटीला हात लावू नको. मी दादाकडं बघून म्हटलं, "राहू दे ते." त्या दुकानात मी त्याला एकदाही दादा म्हटलं नाही.

मग मालकांनी विचारायला सुरुवात केली. कोण वापरणार? कुठल्या पाण्यात? किती खोल? खाली उभं राहून काम करायचं की नुसतं पोहायचं? ते चांगले दुकानदार होते. हे सगळं विचारल्याशिवाय टाकी देत नसत. मला वाटलं, आता सांगावं लागणार, विहीर, दोर, मढी, नारळ. आणि त्या माणसाची नजर माझ्या शर्टावरून दादाच्या धोतराकडं आणि परत माझ्याकडं येणार. मी म्हटलं, "मीच वापरणार. समुद्रात. गोव्याला जातो मी सुट्टीत. हौस आहे."

ते खूश झाले. म्हणाले, मग हीच पिवळी न्या, हलकी आहे, हौशी लोकांना हीच बरी. राखाडी कामाची टाकी आहे, तळाशी काम करणाऱ्याला. पिवळीचं एकच, रिकामी होत आली की वर ओढते. पण कमरेला वजनाचा शिशाचा पट्टा तुम्हाला तिथले लोक देतीलच. आणि शिक्षण झालं आहे ना? कारण नदी-विहिरीवर काम करणारा कुणी आला तर मी त्याला रविवारी पोहण्याच्या तलावावर दोन-तीनदा घेऊन जातो, त्याशिवाय टाकी हातात देत नाही. मजुरी घेत नाही त्याची. ही माणसं दम धरायला शिकलेली असतात, ते आधी मोडावं लागतं.

मी म्हटलं, झालंय शिक्षण.

दादा दोन पावलांवर उभा होता. त्याचा एक कान गेला होता, दुसरा शाबूत होता.

मालकांनी टाकी भरून दिली, नळ्या जोडून दाखवल्या, हवा किती उरली ते सांगणारा काटा दाखवला, आणि एक इंग्रजी पुस्तिका दिली. दादानं टाकी घोंगडीत गुंडाळली आणि खांद्यावर घेतली. मी मागून पिशवी घेऊन चाललो. मालकाच्या मागं गडी चालतो, आमचं उलटं होतं, पण बघणाऱ्याला मालक मीच वाटलो असणार.

एसटीत कंडक्टरनं घोंगडीवर टिचकी मारली. गॅस हाय का? गॅस न्हेता येत न्हाई. दादा म्हणाला, हवा हाय मालक, तुमच्या टायरीत हाय तीच. कंडक्टर म्हणाला, मंग तिकिट काढा हवंचं. मागची चार माणसं हसली, दादाही हसला. टाकी त्यानं मांडीवर आडवी घेतली होती, आजारी मेंढरू घेतात तशी.

कोरेगाव भीमा मागं पडलं. बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "समुद्र पाह्यलायस का रं तू कवा?"

"नाही."

"मीबी न्हाई," तो म्हणाला.

त्या विषयावर तो माझ्याशी बोलला ते एवढंच. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, पुस्तकात काय हाय? मी म्हटलं, इंग्रजी आहे, तांत्रिक आहे, मी नीट मराठीत लिहून देतो. तोवर उतरू नको. तो म्हणाला, बरं गुरुजी. चिडवायचं असलं की तो मला गुरुजी म्हणायचा. त्या दिवशी चिडवलं की कसं ते मला कळलं नाही.

पुस्तिका मी पाटसमार्गे दौंडला नेली आणि भाषांतराला बसलो. नवी दोनशे पानी वही आणली. पहिल्या रात्री पुस्तिका पूर्ण वाचली, तेव्हा नवव्या पानावरचा चौकटीतला नियम मला कळला होता. पण मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला ते चांगलं करायचं होतं. दुकानात जे केलं होतं ते या वहीनं झाकलं जाईल, असं मला कुठंतरी वाटत होतं. टाकीच्या तोंडाशी जो तुकडा असतो, हवेचा जोर कमी करून ती तोंडात देणारा, त्याला मराठी शब्द शोधण्यात माझे चार-पाच दिवस गेले. नियामक लिहिलं, खोडलं. दादाला नियामक कळणार नव्हता. दाबकळ लिहिलं, तेही खोडलं. परीक्षेचे पेपर आले, ते तपासले. सात आठवड्यांत माझी सहा पानं झाली.

तेवढ्यात एक बाई विहिरीत गेली. घोडनदीच्या काठची विहीर, नदीच्या पाझरानं कायम भरलेली, पाच परस पाणी, म्हणजे एकावर एक पाच माणसं उभी राहतील एवढं. दादा सकाळी आपल्या रीतीनं तीनदा उतरला. कानातून रक्त आलं. बाईची आई काठावर बसून होती. त्यानं निरोप धाडला, टाकी घेऊन या. वहिनी कुणाच्यातरी मोटारसायकलवर मागं बसून, टाकी मधे धरून घेऊन आल्या. त्याआधी घरच्या हौदात त्यानं तिच्यातली हवा घेऊन बघितली होती, बसून, पोराबाळांना हसवत, कितीतरी वेळ. त्यामुळं काटा आधीच खाली आलेला होता.

पुढचं मला आप्पांनी सावडायच्या दिवशी सांगितलं. दादा टाकी लावून, हातांत धोंडा घेऊन गेला. खूप वेळ खाली होता, बुडबुडे येत होते, लोक म्हणत होते आता काळजी नाही. मग बाईला बांधायला सोडलेला दुसरा दोर हलला, बाईला वर घेतलं. मग दादाच्या दोराला तीन हिसके आले. आप्पांनी आणि दुसऱ्या दोघांनी जीव खाऊन ओढलं. हलका आला, आप्पा म्हणाले. जणू खालनं कुणी ढकलतंय असा आला. आणि वर येताना बुडबुडे नव्हते.

बुडबुडे नव्हते म्हणजे त्यानं दम धरलेला होता. धोंडा सोडला, दोर हलवला, आणि अकराव्या वर्षापासून जे करत आला तेच त्यानं केलं. रिकामी होत आलेली पिवळी टाकी त्याला वर ओढत होती, आणि आप्पा ओढत होते. सगळ्यांनी आपापलं काम बरोबर केलं. काठावर बसल्यावर त्याच्या ओठांवर गुलाबी फेस आला, आप्पा म्हणाले, पण आम्हाला वाटलं पाणी गेलं आसंल.

राख सावडता सावडता मी हे ऐकलं आणि नववं पान माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, चौकटीसकट. मी मान हलवली. आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तुमी तरी काय करनार, हार्टाला विलाज न्हाई.

तेव्हा सांगता आलं असतं. दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला सांगता आलं असतं. मी दर वेळी मान हलवली. लोक म्हणत, धाकट्यानं फार मनाला लावून घेतलं. मी दर महिन्याला वहिनींना भेटायला जायचो, मुलांची पुस्तकं न्यायचो, आणि वहिनी मला शेजाऱ्यांसमोर चांगलं म्हणायच्या. ते ऐकत बसणं ही शिक्षा आहे असं मी मानत होतो. खरं तर ती शिक्षा नव्हती. मला ते आवडायचं.

पाच-सहा वर्षांनी वहिनींचा शाळेत फोन आला. भीमेकाठचा एक माणूस आला होता, तोही दादासारखंच काम करणारा, टाकी मागत होता. देऊन टाकू का भावजी, घरात नुसती पडलीय. मी म्हटलं, देऊ नका, मी येतो. त्याच दुपारी निघालो. पिशवीत पुस्तिका आणि वही घेतली.

वहिनी कांद्याची रोपं खुरपत होत्या. आम्ही बांधावर बसलो. मी म्हटलं, वहिनी, मला दुकानातलं सांगायचंय तुम्हाला.

"गोव्याचं व्हय?" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी खुरपं मातीत टोचलं. त्या म्हणाल्या, त्याच दिवशी सांगितलं व्हतं की त्यांनी, आल्या आल्या. जेवताना हसून हसून ठसका लागला. "म्हनले, आगं, मी आज गडी झालो आन् आपला गुरुजी समुद्रात पोहून आला. घोडनदीत घोट्याच्या वर पाय न्हाई घातला कवा, आन् गोव्याला जातोय." मग त्या म्हणाल्या, मी चिडले व्हते. म्हनलं, भाऊ म्हनायला लाज वाटली का त्यांना? तर म्हनले, वाटली आसंल. वाटू दे. त्याच्या ताटाजवळ कुनी बसत नव्हतं ना, माझ्यापायी.

वसतिगृहातल्या त्या रिकाम्या जागेबद्दल मी घरी कधी बोललो नव्हतो. भाकरी पोचवायला आलेला दादा कधीतरी जेवणाच्या वेळी खिडकीशी उभा राहिला असणार.

मी पुस्तिका काढली. नववं पान उघडलं आणि ती चौकट वहिनींना मराठीत वाचून दाखवली. पाण्याखाली टाकीची हवा घेतली की दम कधीही धरायचा नाही. वर येताना श्वास सोडत, हळू यायचं. धरलेली हवा वर येताना फुगते आणि छाती फाटते. वाचायला अर्धं मिनिट लागलं असेल. मग राखाडी टाकीचं सांगितलं, शिशाच्या पट्ट्याचं, आणि तो दुकानदार विहिरीवरच्या माणसांना फुकट शिकवायचा, ते.

वहिनींनी वही मागितली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानं उलटून बघितली, माझं वळणदार अक्षर, खाडाखोड, समास. त्या म्हणाल्या, "एवढंच सांगायचं व्हतं? ह्याला वही कशाला लागती, भावजी?"

त्या रडल्या नाहीत. उठून परत रोपांत बसल्या. संध्याकाळी मी निघालो तेव्हा त्यांनी टाकी घोंगडीत गुंडाळून दिली, आणि चहा दिला नाही. माझ्या आठवणीत त्या घरून मी चहा न घेता निघालो, असा तो एकच दिवस. त्यानंतर त्या मला शेजाऱ्यांसमोर चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. मी जातो, त्या बोलतात, मुलं आता मोठी आहेत.

भीमेकाठच्या त्या माणसाला मी शोधून काढलं. तो अंगणात जाळं दुरुस्त करत होता. मी त्याला सांगितलं, टाकी मिळणार नाही, आणि का ते सांगितलं. चौकटीतली ती तीन वाक्यं त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतली. त्यानं विचारलं, हे तुमाला कसं ठावं? मी म्हटलं, माझा दादा विहिरीवर काम करायचा, मढी काढायचा. परक्या माणसाला हे मी पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, आस्सं व्हय, आणि जाळं विणत राहिला.

पुण्यातल्या दुकानात मी नंतर गेलो होतो. तिथं आता मोबाइलची विक्री होते. ते मालक कुठं आहेत हे शेजारच्यांना माहीत नव्हतं.

टाकी माझ्या दौंडच्या घरी आहे, पुस्तकांच्या कपाटाशेजारी. काटा लाल पट्ट्याच्या जरा वर आहे. वहीत सहा पानं लिहिलेली आहेत. समुद्र मी अजून पाहिलेला नाही.